उन्हाळ्यासाठी एक शस्त्रक्रिया

वऱ्हाडातला उन्हाळा ज्यांनी अंगावर काढला आहे, त्यांना मी काय सांगते आहे ते लवकर कळेल. चैत्र लागला की आमच्या धामणगाव रेल्वेत सकाळी दहालाच फलाटावरची फरशी चटके देऊ लागते. वैशाखात दुपारची बाजारपेठ ओस पडते, पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन तिथंच मुक्काम ठोकतो आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. अशा दिवसांत, परकराची नाडी बांधतात त्याच्या खाली, माझ्या पोटाची एक वळी लोंबत असे. तिच्याखाली घाम साचायचा, कातडी ओली राहायची, लाल चट्टे उठायचे आणि आठवड्याभरात त्यांचा नायटा व्हायचा. मलमं झाली, पावडरी झाल्या, कापसाच्या घड्या ठेवून झाल्या. शाळेत पाचव्या तासाला फळ्याकडे तोंड करून लिहिताना मी डाव्या हाताने पदर सावरते आहे असं मुलांना वाटे. खरं तर मी ती वळी कातडीपासून क्षणभर वेगळी धरत असे.

हे लिहिताना आजही संकोच वाटतो. पण संकोचापायीच मी एकदा भलत्या दारात जाऊन उभी राहिले होते, म्हणून लिहिते.

दोन बाळंतपणं, दोन्ही सिझर. पस्तिशीनंतर अंग सुटलं, वजन ८४ किलोंवर गेलं आणि शेहेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. पहाटे पाचला उठून दत्तापूरहून जुन्या धामणगावाच्या रस्त्याने चालायला सुरुवात केली, भात सोडला, लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात जोडले. दोन वर्षांत २१ किलो उतरले. ओळखीचे लोक थांबवून कौतुक करत. त्यांना काय ठाऊक, की चरबी गेली आणि तिचं गाठोडं तेवढं मागे राहिलं! ताणलेली कातडी एका मर्यादेपलीकडे परत आकसत नाही. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, तेही पुष्कळ बायकांत पूर्ववत जवळ येत नाहीत. मी बारीक झाले तशी वळी उलट जास्त लोंबू लागली. कितीही चाला, कितीही उठाबशा काढा, मोकळी झालेली कातडी व्यायामाने आत जात नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, आपणच कुठे तरी कमी पडतो आहोत.

घरात कुणाला सांगितलं नाही. फोनवर एक जाहिरात वारंवार येई. सपाट पोटाची एक मुलगी, शेजारी तिचाच ‘आधी’चा फोटो आणि खाली ‘एका दिवसात दहा किलो कमी’. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी त्या मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये गेले. शहराचं नाव सांगत नाही, क्लिनिकचंही नाही.

गारेगार स्वागतकक्ष, काचेची टेबलं, सुगंधी चहा. कोट घातलेली एक चुणचुणीत मुलगी तासभर माझ्याशी बोलली. तिने माझं वजन विचारलं, बजेट विचारलं, लग्नकार्य आहे का विचारलं. साखर आहे का, हे विचारलं नाही. ‘मॅम, आज बुकिंग केलंत तर वीस टक्के सूट, उद्या मी नाही देऊ शकणार,’ असं ती म्हणाली, तेव्हा मला आमच्या आठवडी बाजारातल्या साड्यांच्या सेलची आठवण झाली, पण मी गप्प बसले. मग डॉक्टर आले. चार मिनिटं थांबले. साडीवरूनच पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘लायपोसक्शन करू. तीन लहान छिद्रं. सकाळी या, संध्याकाळी घरी.’ मी विचारलं, ‘आणि ही कातडी?’ ते म्हणाले, ‘ती आपोआप टाइट होईल.’ मी दहा हजार रुपये आगाऊ भरले आणि पावती घेतली.

बाहेर पडताना बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. त्या स्वागतिकेला हळू आवाजात विचारत होत्या, ‘डॉक्टर कधी भेटतील? मी तिसऱ्यांदा आले.’ तिने सांगितलं, ‘सर टूरवर आहेत.’ त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांचा हात ओढणीखाली पोटावर होता. बोलावं असं वाटलं. मी बोलले नाही, गाडीची वेळ झाली होती. त्या नजरेने मात्र पुढे कितीतरी रात्री माझा पिच्छा पुरवला.

गाडीत बडनेऱ्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती आता अमरावतीच्या एका इस्पितळात शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. मनातलं ओझं होतं, ते तिच्यापुढे उतरवलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग आमच्या वऱ्हाडी थाटात म्हणाली, ‘मॅडम, नववीत तुमी आमाले शिकोलं होतं ना, कागद कोनं लिहिला, कवा लिहिला, ते पाह्यल्याबिगर खरा मानाचा नाई म्हनून? मंग त्या डाक्टरची डिग्री पाह्यली का तुमी?’

मी इतिहास शिकवते. अठ्ठावीस वर्षं साधनांची चिकित्सा शिकवली. आणि जिथं सुरी माझ्याच पोटावर चालायची होती, तिथं भिंतीवरच्या चौकटी मोजून परत आले होते!

घरी येऊन नागपूरला शिकणाऱ्या लेकीला फोन केला. तिला आधी रडून सगळं सांगितलं, मग कामाला लावलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची नोंदवही आहे. आपल्या राज्यातल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. नाव किंवा नोंदणी क्रमांक घातला की डॉक्टर कुठून, कधी, कुठली पदवी घेऊन बाहेर पडले ते दिसतं. नोंदणी क्रमांक सांगायला कुठल्याही डॉक्टरने कां कू करायचं कारण नाही. चिठ्ठीवर तो छापलेलाच असायला हवा. माझ्या पावतीवर तो नव्हता. लेकीने नावावरून शोधलं. ते डॉक्टर होते, एमबीबीएस होते. त्यापुढे काही नव्हतं. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही जी अक्षरं दारावर सोनेरी रंगात होती, ती कुठल्याशा परदेशी संस्थेच्या काही महिन्यांच्या प्रमाणपत्रावर उभी होती.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ‘कॉस्मेटिक सर्जन’ नावाची वेगळी पदवी आपल्याकडे नाही. प्लास्टिक सर्जन आहे. त्याचा रस्ता लांबचा. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग बहुतेकदा तीन वर्षांचं एमएस, म्हणजे सर्वसाधारण शल्यचिकित्सा, आणि त्यावर आणखी तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच किंवा त्याच तोडीचं डीएनबी, ज्याला अलीकडे डीआरएनबी म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञही त्वचेवरच्या काही सौंदर्यप्रक्रिया शिकलेले असतात. पण पोटाची कातडी कापून स्नायू शिवायचे तर हात प्लास्टिक सर्जनचाच हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे मी त्या क्लिनिकची पायरी चढले त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाने केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे, असं आयोगाला त्यात लिहावं लागलं. ज्या देशात असं लिहून सांगावं लागतं, तिथं काय काय चालत असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता यजमानांना सांगणं भाग होतं. हे कापूस बाजारात एका अडत दुकानावर दिवाणजी आहेत. मी घाबरत घाबरत सांगितलं. दहा हजारांवरून बोलतील असं वाटलं होतं; त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पोट तुझं, पैसा तुझा. पण धागा ओढून पाहिल्याशिवाय आम्ही कापसाचा भाव बोलत नाही. डॉक्टरचा भाव तू चार मिनिटांत कसा बोललीस?’ कापसाची पारख करणारा माणूस बोंडातून चिमूटभर रुई घेतो, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढतो आणि धाग्याची लांबी डोळ्यांनी मोजतो. हे करायला त्याला अर्धं मिनिट लागतं, आणि ते केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते वर्तमानपत्रातलं काही ना काही कात्रण आणू लागले. मे २०२२ मध्ये बंगळुरूला कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची एक अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली होती. घरच्यांना न सांगता ती गेली होती. ते कात्रण त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. ‘घरच्यांना न सांगता’ या शब्दांवर माझी नजर खिळून राहिली.

लायपोसक्शन म्हणजे काय ते मी तेव्हा मुळापासून वाचलं. कातडीखालच्या चरबीत आधी मिठाचं पाणी, त्यात भुलीचं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळून भरतात. मग पोकळ नळीने चरबी ओढून घेतात. सत्तरच्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये ही पद्धत रुजली, आणि पाणी भरून करण्याची सुरक्षित रीत अमेरिकेत ऐंशीच्या दशकात आली. ऐकायला सोपं वाटतं. पण ती नळी आंधळी असते, खरं डोकं नळी धरणाऱ्या हातात लागतं. चुकली तर आतड्याला भोक पडू शकतं. भुलीचं औषध प्रमाणाबाहेर गेलं तर हृदयावर येतं. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. एका वेळी साधारण पाच लिटरच्या वर काढलं तर ती मोठी शस्त्रक्रिया धरतात आणि रोग्याला रात्रभर इस्पितळात देखरेखीखाली ठेवतात. आणि मुख्य म्हणजे, हा वजन कमी करायचा उपाय नव्हेच! पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते, साखर-रक्तदाबाशी जिचं नातं असतं, तिला ही नळी पोचत नाही. वजन आटोक्यात आहे पण एखाद्या ठिकाणची चरबी हटत नाही आणि कातडी अजून लवचिक आहे, अशांसाठी ती आहे. माझ्या रिकाम्या गाठोड्यातून ती काय ओढणार होती?

इथं जरा बाजूला जाऊन एक सांगते. इतिहासाच्या शिक्षिकेची खोड म्हणा. सासूबाईंना जेव्हा कळलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘प्लाष्टिक घालतेत का वं पोटात?’ प्लास्टिकचा इथं संबंध नाही. आकार देणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आलं आहे. आणि हा आकार देण्याचा धंदा आपल्याला परका नाही. सुश्रुताचं नाव सगळे घेतात, पण मला जास्त जवळची वाटते ती पुण्याजवळची हकीकत. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी होता. टिपूशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, मग कपाळावर तेवढीच आकृती आखली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराकडे कुठली पदवी होती? त्याच्या हातचं नाक घेऊन पंचक्रोशीत वावरणारी माणसं, हीच पदवी. आज आपला सर्जन आपल्या पंचक्रोशीतला नसतो. म्हणून कागद पाहावा लागतो.

आणि कागद शोधायला फार लांब जायचं नव्हतं. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग निघाला तो मुंबईत नव्हे, दिल्लीत नव्हे. १९५८ मध्ये आमच्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. सी. बालकृष्णन यांनी तो सुरू केला. दुभंगलेल्या ओठ-टाळूचं त्यांनी केलेलं वर्गीकरण आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखलं जातं. धामणगावहून सकाळच्या गाडीने पुलगाव, वर्धा, सेवाग्राम करत दोन-अडीच तासांत नागपूर येतं. आणि मी भुलले ती फोनवरच्या जाहिरातीला!

त्या विद्यार्थिनीने आणि तिच्या इस्पितळातल्या भूलतज्ज्ञ बाईंनी मिळून दोन नावं सुचवली. एक अमरावतीचं, एक नागपूरचं. (ही एक युक्ती सांगून ठेवते. सर्जनबद्दल भूलतज्ज्ञाला आणि शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेला विचारावं. हात कसा आहे ते त्यांनी रोज पाहिलेलं असतं.) दोघांच्या पदव्या लेकीने नोंदवहीत पाहिल्या, दोन्ही चोख होत्या. मी नागपूर निवडलं, कारण त्या इस्पितळात अतिदक्षता विभाग होता आणि लेकीची खोली तिथून दहा मिनिटांवर होती.

डिसेंबरात गेलो, हे बरोबर होते. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला उभं करून पाहिलं, बसवून पाहिलं, झोपवून मान उचलायला लावली, खोकायला सांगितलं. जुन्या टाक्यांपाशी आतडं बाहेर येतंय का, ते पाहत होते. औषधं विचारली. घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का, विचारलं. मग म्हणाले, ‘खर्रा खाता?’ मी दचकलेच. ते म्हणाले, ‘बायका सांगत नाहीत म्हणून विचारतो. खर्रा, मिशरी, गुडाखू, काही? तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग शिवलेल्या कातडीची कड काळी पडते.’ मी नाही म्हटलं. ह्यांनी मात्र खिशातली पुडी अजून आत सरकवली.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘हे कोणासाठी करताय?’

मला वाटतं, हा प्रश्न त्यांनी शेकडो बायकांना विचारला असेल. मी ह्यांच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खरं उत्तर तोंडून निघून गेलं. ‘डॉक्टर, उन्हाळ्यासाठी.’

ते हसले नाहीत. त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. मग माझ्या वळीखालचे काळे डाग पुन्हा एकदा नीट पाहिले आणि म्हणाले, ‘तुम्हाला लायपोसक्शनचा उपयोग नाही. जास्तीची कातडी काढावी लागेल, स्नायू जवळ आणून शिवावे लागतील. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहील, जन्मभर. हे पाहा.’ आणि त्यांनी जे फोटो दाखवले ते सपाट पोटांचे नव्हते, व्रणांचे होते. सहा आठवड्यांचा लाल व्रण, सहा महिन्यांचा, दोन वर्षांचा. एक बिघडलेला, जाडा झालेला व्रणही दाखवला. ‘हाही माझाच,’ म्हणाले.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हाच माणूस. तेवढ्यात ते म्हणाले, ‘पण आत्ता मी करणार नाही.’ माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ आली होती. ती सातच्या खाली आणा, वजन किमान सहा महिने स्थिर राहू द्या, मग या. आगाऊ रक्कम? काही नको.

परतीच्या गाडीत मी खूप चिडले होते. एका ठिकाणी पैसे घेऊन उद्याच्या उद्या करायला तयार, आणि इथं पैसे हातात असून नाही म्हणतात! हे शेंगदाणे सोलत म्हणाले, ‘जो माल घ्यायला नाही म्हणतो ना, त्याच अडत्याच्या काट्यावर आम्ही विश्वास ठेवतो.’ मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

ते अकरा महिने मी चालत राहिले, पोळीचा हिशेब ठेवत राहिले. २०२३ चा उन्हाळा तसाच काढला; नायटा दोनदा झाला. घरातही खल चालू होता. खर्चाचा अंदाज पावणेदोन लाखांचा होता. आरोग्यविमा नुसत्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया देत नाही, आणि अशा शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. अपघात किंवा जन्मजात व्यंग असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या भिशीचे आणि आवर्ती ठेवीचे पैसे होते, पण ते स्वयंपाकघराच्या स्लॅबसाठी ठेवले होते. सासूबाई म्हणत, ‘देवानं देल्लं तसं राहू द्याव. लेकराईच्या लग्नाचे पैसे पोटाले कायले लावतं वं माय?’ त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या पिढीने याहून मोठी दुखणी पदराखाली झाकून नेली. पण मे महिन्यात एका रात्री वीज गेली, कूलर बंद पडला, आणि मी अंगणात ओल्या पंचाने वळीखालची जळजळ पुसत बसले होते, तेव्हा त्या उठून आल्या. माझ्या हातातला पंचा घेतला, पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. ‘हे इतकं हाय, सांगतलं नाही तुनं,’ एवढंच म्हणाल्या. स्लॅबचा विषय पुन्हा निघाला नाही.

ऑक्टोबरात सरासरी साखर ६.८ आली. संमतीपत्र आधी घरी दिलं होतं, मराठीत. त्यात गुठळी, जंतुसंसर्ग, पाणी साचणं, बधिरपणा, पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता, सगळं होतं. ह्यांनी पेन्सिलने खुणा करून नऊ प्रश्न काढले आणि डॉक्टरांनी नऊही उत्तरं दिली. रोग्याला सगळं समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे तर १९९५ पासून ठरलेलं आहे. पण कोर्टाची पायरी ही पोट बिघडल्यानंतरची गोष्ट झाली. त्याआधी इस्पितळाच्या भिंती वाचाव्यात. शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि २०२१ च्या नियमांपासून सक्तीची झालेली रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक तिथं लावलेलं असायला हवं. भूल कोण देणार, त्यांचं नाव काय, ते शेवटपर्यंत थांबणार का, हेही विचारावं. आम्ही विचारलं. कुणाला राग आला नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. साडेतीन तास लागले. त्याच संध्याकाळी मला धरून उभं केलं, गुठळी होऊ नये म्हणून चार पावलं चालवलं. ती चार पावलं मी विसरणार नाही. कमरेत वाकलेली, दोन्ही बाजूंना नळ्या आणि बाटल्या, आणि खोकला आला तर उशी पोटाशी धरायची. दहा दिवस ताठ उभं राहता आलं नाही. सहा आठवडे घट्ट पट्टा. कातडीचा काढलेला तुकडा एक किलो नऊशे ग्रॅमचा भरला. म्हणजे वजन कमी झालं म्हणावं तर तेही नाही. साखरेत काडीचा फरक नाही, गोळ्या चालूच आहेत.

धामणगावला परतल्यावर बाराव्या दिवशी पोटात पखालीसारखं डुचमळायला लागलं. रात्रीचे साडेनऊ झाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. तो त्यांनीच उचलला. ताप आहे का, लाली आहे का, दम लागतो का, विचारलं आणि म्हणाले, ‘घाबरू नका, कातडीखाली पाणी साचलंय. सकाळच्या गाडीने या.’ सुईने दोन वेळा पाणी काढलं, बरं झालं. त्या रात्री फोन वाजत असताना मला बाकावरच्या त्या बाई आठवल्या. त्यांनी किती वेळा फोन लावला असेल?

बेंबीखालचा थोडा भाग अजून बधिर आहे. व्रण उजव्या टोकाला किंचित जाड झाला आहे. पण २०२४ चा वैशाख आला आणि गेला, आणि मी पाचव्या तासाला दोन्ही हात मोकळे ठेवून फळ्यावर नकाशा काढला. परकराची नाडी आता जिथं बांधते, तिथं नुसती कातडी असते. कोरडी.

ते दहा हजार परत मिळाले नाहीत. पावती कपाटात आहे. यंदा होळीनंतर धाकटी जाऊ तिच्या लेकीला घेऊन आली. पोरगी तेवीसची, चांगली अंगाबांध्याची, लग्न ठरलेलं. मुलाकडच्या कुणी तरी ‘थोडी भरलेली आहे’ म्हटलं आणि तिने लायपोसक्शनचा ध्यास घेतला. तिच्या फोनवर जाहिरात होती. मी पाहिली, क्लिनिकचं नाव बदललं होतं, दारावरची सोनेरी अक्षरं तीच होती. मी तिला ती पावती दाखवली आणि नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला तपासलं, मग आम्हा दोघींना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी अर्धा तास बोलले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘हिला मी काही करणार नाही. लग्न होऊ द्या, वर्षभर जाऊ द्या, तेव्हाही वाटलं तर तिने स्वतः यावं.’

परतताना ती खिडकीशी बसली आणि पुलगाव येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग विचारलं, ‘मोठी आई, तुले लय दुखलं का?’ मी जे दुखलं ते सगळं सांगितलं. धामणगाव आलं तेव्हा तिने माझी पिशवी उचलली. तिचं काही ठरलेलं नाही. लग्न मे महिन्यात आहे.